एका केबलवर दोन विहिरी

दर रविवारी सांगलीहून दीपाली नावाची कार्यकर्ती यायची आणि गावच्या समाजमंदिरात बायकांना विचारायची, पोलीस आणि तुरुंग नसते तर आपण काय केलं असतं? वहीपेन लागायचं नाही, जड शब्दांचा फाफटपसारा नव्हता, म्हणून अंगठाबहाद्दर बनुबाईही जायची. आधी चहासाठीच जायची, खोटं कशाला बोला! पण दीपालीचे तीन प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसले. कुणाचं काय गेलं? त्याला काय हवंय? ते कोण भरून देणार?

बनुबाईचा मुलगा शिवतेज एका मारामारीपायी आठ महिने तुरुंगात होता. ज्याचा हात मोडला, त्याला तेवढ्या काळात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि शिवतेज परत आला तो चारचौघांत बोलायचंच विसरून. त्याला चार वर्षं झाली. तेव्हा हे प्रश्न कुणीच कसे विचारले नाहीत, याची तिला आता चीड यायची.

अशातच तिच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. उभा ऊस वाळायला लागला. तिसऱ्या दिवशी केबल सापडली, आणि कुठे, तर बांधापलीकडे ज्योतिबाच्या विहिरीवर! जोडावर बनुबाईनं गुंडाळलेली लाल लुगड्याची चिंधीही तशीच. निदान तेवढी तरी सोडायची की नाही बाबा!

माणसं जमली. बनुबाईचे दीर नाथाजी फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी लगेच फोन काढला.

"पोलिसात देतो याला. सडू दे आत."

बनुबाईला ज्योतिबात आपला पोरगाच दिसला. ती पदर खोचून मधे आली.

"आवं भावजी, ठिवा त्यो फोन. केबल माझी गेलीया, इचारणार बी मीच. काय रं ज्योतिबा, तुला काय पायजे हुतं?"

"पाणी, वयनी," ज्योतिबा मान खाली घालून म्हणाला. "गेल्या साली माझी बी केबल चोरीला गेली. तक्रार दिली, लय हेलपाटं घातलं. केबल काय आली न्हाई."

नाथाजींचं बोट फोनवरच थांबलं. तक्रार द्यायला ज्योतिबाबरोबर तेच गेले होते.

"मग ऐक," बनुबाई म्हणाली. "केबल आत्ता तूच माझ्या इहिरीवर जोडायची. माझा ऊस भिजस्तवर पाणी बी तूच पाजायचं. मग चार दिस केबल तुज्याकडं, चार दिस माझ्याकडं. कबूल?"

"कबूल," म्हणताना ज्योतिबाला रडूच फुटलं.

"आन् परत कुणी चोरली तर?" नाथाजींनी विचारलं.

"मी हाय की राखणीला. त्येच्यासंगं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलला होता शिवतेज.

ज्योतिबानं केबल आणून बनुबाईच्या विहिरीवर जोडली. बनुबाईनं डोळे पुसले आणि मोटार चालू केली. नाथाजींनी फोन खिशात घातला, खोरं उचललं आणि ज्योतिबाच्या मागं निघाले. थोड्या वेळानं उसाच्या पार पलीकडच्या टोकाकडून अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक आली.

"आयं, पाणी पोचलं गं!"