पंखा बंद करा

मी एक जुना, छताला टांगलेला पंखा आहे. एका जागी टांगलेला असलो तरी एका जागी स्वस्थ राहणं माझ्या स्वभावातच नाही. आत्ता मी बंद आहे आणि मित्रांनो, माझा जीव नुसता वरखाली होतोय. म्हणून म्हटलं, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घ्यावं.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, पाती वाकवली, सायीसारखा रंग दिला. पहिली नोकरी टायपिंगच्या क्लासात. तिथे खाली पन्नास बोटं टकटक करायची आणि वर मी गरगर फिरायचो. "वारा असावा तर असा," असं तिथल्या बाई म्हणायच्या. हरभऱ्याच्या झाडावर चढलो मी अगदी! पुढे क्लास बंद पडला, सामान विकलं गेलं आणि मी या खोलीत आलो.

ही खोली साधी नाही बरं का. ज्या मुलांचं घरी नीट चालत नाही, ज्यांना सांभाळायला कुणी उरलेलं नाही, त्यांनी कुठे राहायचं हे इथे ठरतं. एक लांब टेबल, पलीकडे समितीची माणसं, अलीकडे एक खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाचे पाय सहसा जमिनीला टेकत नाहीत.

इथे मला तेल घालायचं कुणाला सुचलं नाही. आधी कुरकुर सुरू झाली, मग खडर्र-खट, खडर्र-खट. माणसं माझ्यावरून मोठ्यानं बोलायला शिकली. मुलं नाही शिकली. इथे आलेलं मूल मोठ्यानं बोलतच नाही.

एकदा असाच उकाडा होता. नऊएक वर्षांची एक मुलगी खुर्चीत बसली होती. तिची आई वारली होती, वडिलांचा पत्ता नव्हता. धाकटी बहीण बाहेर बाकावर, सेविकेच्या मांडीवर. काका आले होते. माणूस वाईट नव्हता. "मोठीला नेतो मी," ते म्हणाले. "धाकटी फारच लहान आहे हो. आम्ही दोघंही कामावर जातो, तिचं कोण करणार? तिला संस्थेत ठेवा."

अध्यक्षबाईंनी मुलीला विचारलं, "काकांकडे जायचंय ना बाळा?"

मुलगी गुडघ्यांकडे बघत पुटपुटली. मी अगदी तिच्या डोक्यावर, म्हणून मला ऐकू आलं. "धाकटीला सोडून मला काकांकडे जायचं नाही."

आता आपल्या भाषेत घोडं पेंड खातं ते इथेच. सगळं बोलून होतं आणि 'नाही' येतं अगदी शेवटी. तोवर तिचा आवाज पार खाली गेला होता, आणि नेमकं माझं 'खट' त्या 'नाही'वर पडलं. टेबलापलीकडे पोचलं ते एवढंच, "धाकटीला सोडून मला काकांकडे जायचं."

"चला, पोरगी तयार आहे," समितीतले निवृत्त मास्तर म्हणाले. पेनं चालू लागली. ध चा मा झाला होता आणि मी वर नुसता फिरत होतो. मला थांबायचं होतं हो, पण माझं बटण काही माझ्या हातात नाही!

अध्यक्षबाई हुकूम वाचू लागल्या, "मुलीच्या इच्छेनुसार तिला काकांच्या ताब्यात..."

मुलीनं वर्गात करतात तसा हात वर केला.

"काय गं, बाहेर जायचंय?"

"पंखा बंद करा."

"थंडी वाजते?"

"नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

"एवढ्या उकाड्यात?" मास्तर म्हणाले, पण अध्यक्षबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. मी काही लगेच थांबणारा नव्हे. रेंगाळलो, दोनचार फेऱ्या जास्तच मारल्या. मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. माझं शेवटचं पातं थांबल्यावरच ती बोलली. मघाचंच वाक्य, तसंच्या तसं. या वेळी त्यातलं 'नाही' सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"अगं, मग मघाशी का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"सांगितलं होतं. तुम्ही तोवर लिहायला लागलात."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "धाकटीला माझ्याशिवाय झोप येत नाही," मुलगी म्हणाली. आणि मग, "मलापण येत नाही."

काकांनी रुमालानं तोंड पुसलं. दोघींना न्यायची ऐपत नाही, हे त्यांनी खरंखरं सांगितलं. मग पुष्कळ वेळ बोलणं झालं आणि दर वेळी तिलाही विचारलं गेलं. शेवटी ठरलं की दोघी मिळून संस्थेत राहतील, काका भेटायला येतील, आणि दोघींना एकत्र घेणारं घर शोधायचं. "चालेल तुला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तिची खाट माझ्या शेजारी असेल तर."

ते वाक्य तिच्याच शब्दांत हुकुमात लिहिलं गेलं. दोघींना तसं घर मिळालं का? मला ठाऊक नाही. इथून गेलेल्यांची खबर छतापर्यंत येत नाही, आणि त्याची रुखरुख मला आहे.

आता मला तेल मिळतं, खडखड गेली. तरीही मूल आत आलं की आधी मला बंद करतात. माझी सेवा म्हणाल तर आता हीच, थांबण्याची. मित्रांनो, तुमच्याहून लहान कुणी बोलत असेल तर वाक्य संपू द्या हं. त्याचं खरं म्हणणं शेवटच्या शब्दात असू शकतं.

आज समोर एक मुलगा बसलाय. केव्हाचा गप्प आहे. सगळे घामाघूम झालेत, मास्तर वहीनं वारा घेतायत, पण बटणाकडे कुणी जात नाही. माझी पाती शिवशिवतायत. थांबा, त्यानं तोंड उघडलंय. आता मी गप्प बसतो.