तुलनेचे उंदीर

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते. नंतर उगाच कुणी मला साळसूद समजायला नको.

माझा धाकटा भाऊ बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवतो. त्या चिकटद्रव्यात एक उडून जाणारं रसायन असतं. दोन वर्षांत त्याचे पाय बधिर झाले, हातातून कप निसटायला लागले. मालक म्हणाला, "पीत असेल!" आयुष्यात थेंबाला न शिवलेला माझा भाऊ! नेमकी त्याच रसायनाची तपासणी आमच्या प्रयोगशाळेकडे आली. ते कारखान्यात राहणार की बंद होणार, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

मी तिथे तंत्रज्ञ आहे. तीन महिने आम्ही एका गटातल्या उंदरांना ती वाफ दिली, तुलनेच्या गटाला नुसती हवा. मग मेंदूतल्या तंतूंवरचं चरबीचं वेष्टण, म्हणजे मायलिन, वेगळं केलं आणि त्यातलं एन्झाइम किती काम करतं ते मोजलं. वाफेच्या गटात ते नेहमीच्या निम्म्यावर आलं होतं. म्हटलं, आता बोल म्हणावं, पीत असेल!

मग तुलनेचा गट मोजला. तिथेही निम्म्यावरच.

तेव्हा मला आठवलं. कडक उन्हाळ्यात तुलनेच्या उंदरांच्या खोलीतला पंखा बंद पडला होता. जनावरं धापा टाकत होती. मला मेलीला दया आली आणि मी ते पिंजरे थंड खोलीत हलवले, वाफेच्या पेटीशेजारी, ते शेवटपर्यंत तिथेच राहिले. पेटी गळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचीही डोकी दुखायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं. "सर, दोन्ही गटांना विष बाधलंय. निरोगी उंदरांचे आपले जुने आकडे बघा ना, दुप्पट आहेत!"

"जुने आकडे इथे चालत नाहीत, बाई. नवी मंजुरी घेऊन पुन्हा करायला वर्ष जाईल. आणि पिंजरे कुणी हलवले, ते लिहू का?"

लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. अहवालात ओळ गेली: दोन गटांत फरक आढळला नाही. खाली सरांची सही, त्याखाली माझी.

सोमवारी भाऊ पहाटेच उठला. "ताई, तुमच्याच लोकांनी तपासलंय म्हणे, काही नाही त्यात. मीच उगाच बाऊ करत होतो." शर्टाची बटणं त्याच्या बोटांनी लागत नव्हती. "लाव ना गं, पहिली पाळी चुकेल."

मी लावून दिली. सगळी.