बहरीनहून आलेला व्हय

नारळी पुनव तोंडावर आली तरी सर्जेकोटच्या किनाऱ्यावर काशीरामची होडी झावळ्यांखाली झाकलेलीच होती. आजूबाजूच्या होड्यांना रंग लागले, जाळी शिवून झाली. काशीराम मात्र पडवीत बसून सुपारी कातरत होता, आणि देवगडचा भिकाजी होडी विकत घ्यायला म्हणून दोनदा येऊन गेला होता.

त्याच्या बायकोला, सत्यवतीला, झोप लागत नव्हती. होडी गेली की धाकट्या मुलाला, मितेशला, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जावं लागणार. तो जेवणाच्या ताटावरून अर्धपोटी उठत होता.

सगळं अडलं होतं गाऱ्हाण्यावर. ह्या घरात होडी लोटण्याआधी मोठ्या माणसाने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायचं, घरची हकीकत सांगायची, राखण मागायची, आणि दर वाक्याला घरच्या सगळ्यांनी मिळून 'व्हय महाराजा' म्हणायचं, अशी रीत. सत्यवती लग्न होऊन आली तेव्हा ह्या घराचा व्हय ऐकून समोरच्या खडकावरचे बगळे उडायचे. सासरे होते, दीर होते, त्यांची पोरं होती. पुढे एकेक जण पोटापाण्यासाठी गेला आणि आवाज बारीक होत गेला. आता २००९ साली थोरला नितेश बहरीनला, मुलगी जान्हवी लग्न होऊन बडोद्याला, आणि होडीत अर्धा वाटा असलेला दीर गुरुदास म्हापशाला मुलीकडे, पाय प्लास्टरमध्ये घालून. गेल्या सालीही कुठल्या ना कुठल्या कारणाने तिघेही नव्हते. त्याच हंगामात जाळी खडकाला लागून फाटली, इंजिन भर दर्यात बंद पडलं.

"देवान आयकल्यान, पण अर्ध्याच घराचा आयकल्यान," काशीराम म्हणाला होता. "आता अर्ध्या घरान होडी लोटूची नाय."

"मगे फोन लावया एकेकाक," सत्यवती म्हणाली.

"एकेकाक? ती काय हजेरी आसा गो? सगळ्यांचो व्हय एकदम येवक होयो, एका दमात. नायतर देवाक कसा कळतला, घर एक आसा म्हणान?"

त्या आठवड्यात जान्हवीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली की तिच्या कचेरीतली माणसं इंटरनेटवरून चार गावांतून एकत्र बोलतात.

"एकदम?" सत्यवतीने विचारलं.

"एकदम, आये. एक बोललो काय सगळ्यांका आयकाक येता."

सत्यवतीने फोन ठेवला तो थेट शेजारच्या सुगंधाच्या दारात. सुगंधा पर्यटकांना खोल्या भाड्याने द्यायची, त्यासाठी तिने संगणक घेतला होता. तिने बहरीन, बडोदा, म्हापसा सगळ्यांशी वेळ ठरवली आणि सत्यवतीच्या कानांवर हेडफोन चढवला. अंबाड्यात माळलेलं अबोलीचं वळेसर त्याखाली चेपलं. सत्यवतीची मासळीबाजारातली जुनी जोडीदारीण शेवंती गंमत बघायला येऊन बसली होती.

"सत्ये, आता संगणकाक हळद-पिंजर लावतलंस काय?"

"गप बस गो, माका आयकाक दी."

आणि तिला ऐकू आलं. आधी जान्हवी, मग गुरुदासचा खाकरा, मग नितेश, "आये, आयकाक येता?" तिघे एकमेकांशीच बोलायला लागले, भांडायला लागले, गुरुदास पुतण्याला रागावला. कितीतरी वर्षांनी आपल्या घरातला गोंगाट तिच्या कानांत शिरला. तिने डोळ्यांना पदर लावला, पण लगेच कामाला लागली.

देवाला उगाच तालीम म्हणून हाक मारायची नाही. म्हणून तिने मासळीचा लिलाव सुरू केला. "सुरमय घेतलास?" म्हटलं की सगळ्यांनी 'व्हय' म्हणायचं. जान्हवी आणि गुरुदास लगेच बोलले. नितेशचा व्हय मात्र दर खेपेला मागाहून आला, साधारण एक श्वास घेण्याइतका उशिरा. मालवणच्या बंदरावर तिने हयातभर लिलाव केले होते. मागच्या रांगेतला आवाज उशिरा येतो, हे तिला नवं नव्हतं.

घरी येऊन तिने काशीरामला सांगितलं. तो सुपारी कातरायचा थांबला.

"यंत्रातलो व्हय देवाक चलता?"

"देवळात कर्णो लावून भजना करतास ती चलतत मा? मगे व्हय कित्या चलाचो नाय?"

काशीरामने अडकित्ता खाली ठेवला. "मगे कर्णोच लाव," तो म्हणाला. "सगळ्या वाडीक आयकाक जावंदे. पण तिघांतलो एक जरी सुटलो, तर होडी भिकाजीक."

पुनवेला सकाळी जत्रेत कर्णे लावणाऱ्या बाबलीने सुगंधाच्या पडवीतून किनाऱ्यापर्यंत वायर ओढली आणि माडाला कर्णा बांधला. होडीवरच्या झावळ्या निघाल्या, नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, झेंडूची माळ चढली. सगळी वाडी जमली. भिकाजीही हातांची घडी घालून उभा होता.

काशीरामने नारळ उचलला, माइकपुढे उभा राहिला. त्याचं गाऱ्हाणं म्हणजे उधाणाचं पाणी, मध्ये थांबणं ठाऊक नाही. "बा देवा महाराजा, तुझ्या पायाकडे इलंव रे महाराजा!" किनाऱ्यावरचे ओरडले, कर्ण्यातून जान्हवी आणि गुरुदास ओरडले. काशीराम पुढे गेलासुद्धा, "गेल्या साली जाळी फाटली..." आणि त्यावर कर्ण्यातून नितेशचा खणखणीत आवाज आला, "व्हय महाराजा!"

किनारा खो खो हसला. "झिलान जाळी फाटाक व्हय म्हटल्यान!" कोणीतरी ओरडलं. काशीरामने नारळ खाली केला. मितेशचा चेहरा उतरला. भिकाजीने हातांची घडी सोडली.

गाऱ्हाण्याच्या वेळी बायकांनी मागे उभं राहायचं. सत्यवती पुढे आली आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं.

"लिलाव असो करतत? मागलो आवाज येवक नको? परत सुरवातीपासून घाला. मी हात सोडीसर फुडचा बोला नकात."

"देवाफुड्यात माझो हात धरतंस?"

"लग्नात धरलात तो देवाफुड्यातच मा?"

पुन्हा हसू उसळलं. ते ओसरल्यावर कर्ण्यातून एकटा नितेश हसला, उशिरा, मनापासून. काशीरामच्या मिशा थरथरल्या.

सत्यवती माइकवर वाकली. "आयका सगळ्यांनी. वाक्य संपला काय एक श्वास घेवा आणि मगे व्हय म्हणा. जान्हवी, तू पण. भावजी, तुमी पण. नितेश, तू मात्र श्वास घेव नको हां!"

काशीरामने डोळे मिटले. ह्या खेपेला तो सावकाश बोलला. "बा देवा महाराजा! आज ह्यां घर तुझ्याफुड्यात उभा आसा. कोण हंय आसा, कोण बडोद्याक, कोण म्हापशाक, कोण दर्यापलीकडे. पण घर एकच आसा रे महाराजा!"

मनगटावरची पकड घट्ट झाली. सगळ्या किनाऱ्याने छाती भरून श्वास घेतला. लाट येऊन वाळूवर पसरली.

"व्हय महाराजा!"

माडावरून आणि वाळूवरून, एकच आवाज. समोरच्या खडकावरचे बगळे भर्रकन उडाले. काशीरामने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य विसरला. सत्यवतीने हात सोडून हलकेच ढोसलं तेव्हा कुठे त्याला आठवलं. मग एकामागून एक वाक्यं आली आणि एकही व्हय सुटला नाही.

नारळ फुटला. होडीला खांदे लागले, त्यांत एक खांदा भिकाजीचा होता.

"फुडल्या साली कुवेतच्या पुतण्याक पण जोडूक येतलो?" ढकलता ढकलता काशीरामने विचारलं. "आणि ठाण्याचे ते दोघे पुतणे?"

"आधी होडी लोटा," सत्यवती म्हणाली.

होडी वाळू सोडून पाण्यावर डुलली. मितेश उडी मारून नाळेवर चढला, इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. तेवढ्यात कर्णा खरखरला.

"आये," नितेश विचारत होता, "लोटली काय गो होडी?"

सत्यवतीने माइक किनाऱ्याकडे वळवला, आणि सगळी वाडी एका दमात ओरडली.

"व्हय महाराजा!"