बूट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत

लग्न मुलांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मोठ्यांनी एकदा भेटायचं, एकमेकांना पसंत पडल्याचं दाखवायचं आणि तारीख काढायची, एवढंच काय ते उरलं होतं. भेटीची जागा मात्र होणाऱ्या विहीणबाईंनी ठरवली, आणि ती ऐकून टेलरमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बोलिंग?" त्यांनी मुलीला पुन्हा विचारलं. "म्हणजे ते चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या, ते?"

"हो बाबा. त्याच्या आईला भारी आवड आहे. म्हणाल्या, हॉटेलात समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं किती वेळ बघायची? त्यापेक्षा खेळता खेळता माणूस कळतो."

माणूस कळतो, हेच तर मास्तरांना नको होतं. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला दीड इंच आखूड होता, जन्मापासून. हे बायकोला माहीत होतं, मुलीला माहीत होतं आणि बूट करून देणाऱ्या एका जुन्या मित्राला माहीत होतं. मित्राने डाव्या बुटाला असा जाड तळ बसवला होता की मास्तर रस्त्याने ताठ चालत. वर पँट स्वतःच शिवलेली. ती बुटावर अशी पडायची की खालचा तळ कुणाच्या नजरेस येऊ नये. दुकानात रोज माणसांचे पाय मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पायाबद्दल गिऱ्हाइकांना कधी ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांचं एक लग्न ठरत आलं होतं. बोलणी झाली, मंडळी हसतखेळत दारापर्यंत पोचवायला आली, मास्तर पायरी उतरले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर लंगडतोय." दुसऱ्या दिवशी नकार आला. पुढे बायको भेटली ती लाखात एक, तिने पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण ते मागून आलेलं वाक्य काही मास्तरांच्या कानातून गेलं नाही. खोट आपल्या पायात असली तरी लोक ती आपल्या मुलीच्या खात्यावर मांडतील, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. मुलगी म्हणाली होती, मी त्याला आधीच सांगून टाकते. त्यावर मास्तर म्हणाले होते, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होऊ दे, मग काय ते बघू."

आणि आता ही बोलिंगची भानगड. तिथे आपले बूट काढून त्यांचे सपाट बूट घालावे लागतात, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, जागा बदलू या. पण कारण काय सांगणार? शेवटी मास्तरांनीच तोड काढली. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि मनगट मुरगळलं म्हणून सांगायचं. खेळायचंच नाही म्हटल्यावर बूट कशाला काढायचे?

"पायाचं लपवायला आता मनगटाचं खोटं बोला," बायको बँडेज बांधताना म्हणाली. "उद्या मनगटाचं लपवायला मान मुरगळून घ्या."

विहीणबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. यजमान वारल्यापासून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवून मुलाला वाढवलं होतं, त्यामुळे बोलण्यातही शिकवल्याचा थाट होता. मुलाला, म्हणजे होणाऱ्या जावईबापूंना, त्यांनी मागे बसवलं आणि मास्तरांना पुढे घेतलं. गल्लीच्या टोकाला दिव्यांची एक पाटी आली तशी त्यांनी मानेनेच तिकडे दाखवलं.

"हेही बोलिंगच आहे. घरापासून चालत जाण्यासारखं. पण मला गाडी पाठवून बोलावलं तरी जाणार नाही. बूट दमट देतात. चेंडूंच्या भोकांच्या कडा उडाल्यात, बोट सोलून निघतं. पिन अडकली की हाका मारत बसा. माणूस रंगात आलेला असतो, त्याचा सगळा बेरंग होतो. आपण चाललोय ती जागा लांब आहे, पण का लांब जायचं ते तुम्हाला आत गेल्यावर कळेल. मनगटाला काय झालं?"

"मुरगळलं," मास्तर म्हणाले. मागच्या सीटवर बायको खोकली.

जागा खरंच नीटनेटकी होती. असल्या ठिकाणाची परीक्षा आधी नाकाने करावी, आणि इथे शंभर जणांचे मोजे येऊन जात असूनही हवेला वास नव्हता. चेंडू वजनाप्रमाणे ओळीने लावलेले होते, हलके अलीकडे आणि जड पलीकडे. समोरच्या लाकडी लेन अशा चकचकीत होत्या की छताचे दिवे त्यात उलटे दिसत. पिना पडल्याचा आवाज यायचा, पण शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागत नव्हतं. शेजारच्या लेनवर कुणी चेंडू टाकायला उभा असेल तर अलीकडचा आपणहून थांबायचा. हे कुणी सांगत नव्हतं, पण जागेची शिस्त अशी होती की नवखा माणूससुद्धा दुसऱ्याचं बघून थांबत होता. मास्तरांना आपल्या दुकानाची आठवण झाली. त्यांच्याकडेही कात्री ठेवण्याची जागा ठरलेली होती आणि ती कुणी हलवलेली त्यांना खपत नसे.

लेनकडे उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्यांच्या तोंडाशीच बुटांचं काउंटर होतं.

"मी आपला इथे वरच्या बाकावर बसतो," मास्तर घाईने म्हणाले. "मनगटामुळे खेळता येणार नाही."

"वर एकटे बसलात तर भेट कसली?" विहीणबाई म्हणाल्या. "खाली बसा आमच्याबरोबर. फक्त बूट बदला. इथे बघणाऱ्यालाही बूट काढल्याशिवाय खाली सोडत नाहीत. परवा खुद्द मालक उतरायला निघाला, तर या बाईंनी त्यालाही परत पाठवला. का हो बाई?"

काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे मान हलवली.

"म्हणून तर ही जमीन अशी आहे," विहीणबाई सांगू लागल्या. "बाहेरचा एक खडा आला तर लाकूड ओरखडतं. ओल आली तर जिथे पाय सरकायचा तिथेच तो अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. यासाठी तर एवढ्या लांब यायचं."

जागा थोडी गबाळी असती तर मास्तर वाचले असते. आता इकडे आड आणि तिकडे विहीर. ते बाकावर बसले आणि जमेल तितका वेळ नाड्या सोडत राहिले. बाकीचे पुढे गेल्यावर त्यांनी बूट काउंटरवर ठेवले. बाईंनी दोन हातांत दोन बूट उचलले. डावा किंचित जास्त खाली गेला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही, काही विचारलंही नाही. जोडी खालच्या कप्प्यात तळ आतल्या बाजूला करून ठेवली आणि कोरडे, पावडर मारलेले सपाट बूट पुढे सरकवले. मास्तरांना वाटलं, बाईंचे आभार मानावेत. पण कशाबद्दल, ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

उभं राहताच डावी बाजू खाली गेली आणि पँटचा डावा पाय जमिनीवर लोळू लागला. मास्तरांच्या हे आधी लक्षात आलं नव्हतं. पँट त्यांनी जाड तळाच्या बुटाच्या हिशेबाने शिवली होती. आता बूट सपाट आणि पँट तीच. कठडा धरून, जणू काही आजूबाजूची शोभा बघत आहोत असं दाखवत, ते कसेबसे खुर्चीपर्यंत पोचले आणि पाय खुर्चीखाली ओढून बसले. बायकोने नजरेनेच विचारलं. त्यांनी नजरेनेच सांगितलं, जमलं.

खेळ सुरू झाला. विहीणबाई चेंडू घेऊन अशा निघत की रस्ता मोकळा करून द्यावा. जावईबापू चार पावलं चालून पाचव्याला अडखळत आणि चेंडू कडेच्या नालीत घालवत. मास्तरांच्या बायकोने पहिलाच चेंडू दोन्ही हातांनी सोडला, तो रमतगमत गेला आणि त्याने सहा पिना पाडल्या. मध्येच एक पिन मशीनमध्ये अडकली. कुणी हाक मारायच्या आत मागच्या बाजूला एक माणूस आला, पिन काढली आणि गेला. विहीणबाईंनी मास्तरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मास्तरांनाही मजा येऊ लागली होती. बसून राहायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं.

मग मुलीचा चेंडू गेला. सरळ, मधोमध. दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या, आणि मास्तरांमधला बाप सगळं विसरला. ते उडी मारून उठले, दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवत दोन पावलं पुढे गेले, उजवा पाय डाव्या पायाच्या लोळत्या कापडावर पडला आणि ते तोंडावरच जायचे, पण विहीणबाईंनी दंडाला धरून सावरलं. शिकाऊ चालकांच्या हातून स्टिअरिंग काढून घेण्याची सवय अशी कामाला आली.

विहीणबाईंनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं. मग पुन्हा खाली.

"मास्तर, ही पँट तुम्हीच शिवलेली ना?"

"हो."

"हिचा एक पाय लांब आहे."

मास्तरांनी डावा पाय मागे ओढला.  विहीणबाईंच्या मनात काहीतरी चाललं होतं आणि ते कसं बोलावं याची जुळवाजुळव होत होती. आवाज एकदम मऊ करून त्या म्हणाल्या, "नाही, मी काय म्हणत होते, मुलाचा लग्नातला सूट आपण तुमच्याकडे शिवायचं म्हटलं होतं. पण तुम्हाला लग्नाची इतर कामं कमी आहेत का? हल्ली तयार सूटसुद्धा बरे मिळतात. उगाच तुमच्या जिवाला घोर नको."

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आयुष्यभर त्यांना लंगडा म्हणवून घ्यायची भीती वाटत आली होती, पण माप चुकणारा टेलर? असं तर त्यांच्या दुष्मनानेही म्हटलं नव्हतं. त्यांच्या हातची पँट अर्ध्या सुताने वर-खाली झाल्याचं कुणी दाखवावं आणि त्यांनी दुकानाला कुलूप लावावं. गप्प बसले असते तर मूठ झाकलेली राहिली असती. ही बाई त्यांना वाईट कारागीर समजून घरी गेली असती आणि लग्न सुरळीत पार पडलं असतं. बायकोने हळूच त्यांची बाही ओढली.

"पँट बरोबर आहे," मास्तर म्हणाले. आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "दोन्ही पाय सारखे आहेत, टेप लावून बघा. पँट नाही लांब. माझा पाय आखूड आहे."

सगळे थांबले. जावईबापूंच्या हातात चेंडू तसाच राहिला. मास्तरांना वाटलं, झालं. पण तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. जन्मापासूनचं आहे, बुटाला जाड तळ आहे, बूट काउंटरवर ठेवलेत, मुलीच्या पायात काही दोष नाही.

विहीणबाईंनी छातीवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला.

"हात्तिच्या," त्या म्हणाल्या. " मला वाटलं तुम्हाला माप घेता येत नाही. मगाचपासून विचार करतेय, यांना सूटचं नाही कसं म्हणायचं? नात्यातला माणूस, दुखावला तर जन्माचा दुखावायचा."

"म्हणजे, पायाचं तुम्हाला काही..."

"पायाचं मला काय करायचंय? पाय काय तुम्ही मला शिवून देणार आहात?" मग त्यांची नजर बँडेजवर गेली. "टाळ्या तर मोठ्या जोरात वाजवल्यात. मनगटाचं काय?"

"मनगट धडधाकट आहे," मास्तरांची बायकोच म्हणाली. "सोडा ते, अहो. घाम येतोय त्याच्यात."

सगळ्यांत आधी हसली ती त्यांची मुलगी, मग जावईबापू, आणि मग मास्तरांचाही जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते घडून गेलं आणि कुणी उठून गेलं नाही, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांनी बँडेज सोडलं. गळपट्टीच्या आतून दोन टाचण्या काढल्या, खुर्चीवर पाय ठेवला आणि डावा बॉटम दीड इंच दुमडून टाचला. ही दुमड त्यांनी चारचौघांत, दिव्याखाली, निवांतपणे घातली.

पहिला चेंडू नालीत गेला. दुसराही गेला. "हलका घ्या," विहीणबाई म्हणाल्या, "आणि क्लच एकदम सोडू नका." तिसऱ्या चेंडूने तीन पिना पडल्या आणि बायकोने अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या लेनवाल्यांनी वळून पाहिलं. मास्तरांनीही मग आजूबाजूला पाहिलं. कुणी बदकासारखं चालत होतं, कुणी शेवटच्या पावलाला एका पायावर वाकत होतं, चेंडू सोडल्यावर जावईबापू तर हवेतच तिरके होत. सरळ कुणीच चालत नव्हतं, आणि सगळ्यांचे डोळे पिनांवर होते.

चेंडूंची ओळ हॉलच्या त्या टोकाला होती. मास्तर आणखी हलका चेंडू शोधायला निघाले. कठडा नाही, घाई नाही, एक खांदा वर आणि एक खाली करत, हॉलच्या मधून. मागून मुलीचा आवाज आला. ती जावईबापूंना काहीतरी सांगत होती, आणि मागून येणाऱ्या बोलण्याने नेहमीप्रमाणे मास्तरांची पाठ ताठ झाली.

"बघितलंस?" ती म्हणत होती. "घरी बाबा असेच चालतात. बाहेर मी आज पहिल्यांदा बघतेय."

मास्तरांनी वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरून आले होते. त्यांनी पाठ सैल सोडली आणि ते तसेच पुढे चालत राहिले.