संताच्या तसबिरीमागे

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी पडलेली मालपावती आहे. ट्रिएस्ट बंदरात आम्हा तिघी बहिणींचा जन्म एकाच दिवशी झाला. तिघींवरही एकच मजकूर होता : 'द्राक्षांची रोपे, चारशे, ओल्या गोणपाटात.' जी बहीण आधी जहाजावर पोचेल, तिच्या बदल्यात माल मिळणार. मग उरलेल्या दोघी नुसते कागद.

त्या दोघी तिकडेच राहिल्या. मी टपालाने एका ग्रीक बेटावर झाबेताबाईंकडे आले. रोग पडून त्यांचा सगळा मळा वाळला होता. जहाज सुखरूप यावे म्हणून त्यांनी मला चर्चमधल्या संत निकोलसच्या तसबिरीमागे खोचले. तिथे सगळे तसेच करतात.

जहाज आले ते नेमके संताच्या सणाला. कप्तान अनार्गिरोस दुपारीच पुढे निघणार होता.

"कागद दे, मावशी, आणि रोपं घे."

"अरे, तुला कडेवर खेळवलंय मी! मला ओळखत नाहीस?"

"तुला ओळखतो गं. पण रोपं कोणाची, ते कागद सांगतो."

बाई चर्चमध्ये धावल्या. कोनाडा रिकामा! तसबीर मिरवणुकीत निघाली होती. त्यांनी मिरवणूक गाठली.

"पाद्रीबाबा, तसबीर जरा खाली टेकवा!"

"समुद्र दिसेपर्यंत संत खाली टेकत नाही, बाई."

"मग त्याला भरभर चालायला तरी सांगा! माझी मुळं सुकतील!"

लोक हसले. तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. हसू थांबले आणि खांदेकऱ्यांनी पाय उचलले. मी मागे लटपटत होते. आता पडते की मग, असे झाले होते.

धक्क्यावर कप्तान तसबिरीला ओठ लावायला उतरला. बाईंनी मला ओढून त्याच्या हातात दिले. त्याने मला उलटून पाहिले.

"संतानं आणलेला कागद, तरी तपासतोस?"

"संताची नाही, पाठवणाऱ्याची सही बघतोय."

गोणपाट उतरले. बाईंनी आत बोटे घातली. मुळे अजून ओली होती.

तेव्हापासून मी कप्तानाच्या पेटीत आहे. माझे काम झाले. आता मला कोणी विचारत नाही. मित्रांनो, कामाचा कागद जिवापाड जपा, पण वेळेला हाताशी येईल असा जपा. संतालाही दर वेळी धावपळ करायला लावू नका!

तो मळा मी कधी पाहिला नाही. पण चार वर्षांनी झाबेताबाईंकडे जाऊन आल्यावर कप्तानाने पेटी उघडून मला हातात घेतले होते. माझ्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा जांभळा डाग आहे. अजून गोड वास येतो.