विचाराची वेळ

एक गडद ठिपका... ठिपका नव्हे, मध्यभागी ओलं, चमकणारं आणि कडेला बारीक केस फुटल्यासारखं काहीतरी. मुंगळा चिरडला असेल का? पण मुंगळ्यातून एवढं निळं कुठून येणार... बसप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला टाक दिसला. तो त्याच्याच बोटांत होता, निब कागदाला टेकलेली होती आणि निबेतून उतरलेली शाई कागद पीत होता, सावकाश. म्हणजे डोळा लागला होता. आजही.

आज तरी लागायला नको होता.

त्याने धोतराच्या सोग्याने हनुवटी पुसली आणि दाराकडे पाहिलं. कडी आतून लावलेली होती. ती कडी बघून त्याला नेहमी बरं वाटे, आजही वाटलं, आणि बरं वाटल्याचं लक्षात येताच त्याने तिच्यावरून नजर काढून घेतली. बाहेर माणसं थांबली होती. त्यानेच थांबवली होती. ‘दुपारच्या विचारानंतर सांगतो,’ असं सकाळी इंजिनघराच्या दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, आवाज जरासा खाली आणून तो म्हणाला होता. आवाज खाली आणला की माणसं ऐकतात, हे तो कुठेसं वाचून शिकला होता.

वाचूनच तर शिकला होता सगळं. बाप घाण्याभोवती बैलामागे फिरला, आजा फिरला. मुरूम गावच्या गाणिगेरांच्या, म्हणजे तेल्यांच्या, आळीत दिवस म्हणजे बैल जुंपल्यापासून बैल सोडेपर्यंतचा वेळ, त्याचे तुकडे कुणी केले नव्हते. ते बसप्पाने केले. सोलापूरहून येणाऱ्या एका मासिकात मोठ्या कारखानदारांच्या दिनचर्येवर लेख आला होता. कोण पहाटे उठून पत्रं लिहितो, कोण चालत गिरणीत जातो, कोण जेवताना कुणाशी बोलत नाही. तो त्याने इतक्यांदा वाचला की घडीवर कागद फाटला. इंजिन आणलं, पत्र्याची शेड उभी केली, ‘गाणिगेर तेल कंपनी’ अशी पाटी मराठीत आणि उर्दूत रंगवून घेतली, आणि त्याच आठवड्यात आपला दिवस आखला. सूर्य उगवायच्या आत अंघोळ आणि लिंगपूजा. मग शेडमधून पहिली फेरी, सगळ्या कामगारांच्या आधी. मग टपाल. मग बाजारात शेंगांच्या लिलावाला. आणि जेवणानंतर दार लावून विचार. ‘मालकाचं खरं काम डोक्यात चालतं’ हे वाक्य त्याने पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. शेंगदाणे चाळणाऱ्या गजराबाईने चाळण खाली ठेवून तोंडाला पदर लावला होता. हसण्यासाठी की आदराने, ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

आणि पहिली दोन वर्षं तो खरोखर विचार करीत असे. हे तरी कुणी नाकारू नये. शेंगा फोडायचं यंत्र कुठे बसवायचं, पेंड भिजू नये म्हणून जोतं किती उचलायचं, डबे बार्शीहून आणायचे की इथेच करून घ्यायचे. एकेका प्रश्नापायी डोकं दुखेपर्यंत बसलोय मी या खुर्चीत. पण मग जोतं बांधून झालं, डबे येऊ लागले, यंत्र फिरू लागलं. प्रश्न संपले आणि दार उरलं. रोज जेवून यायचं, कडी लावायची, कोरा कागद पुढे घ्यायचा, आणि... काही नाही. डोक्यात शेडच्या पत्र्यासारखी एक सपाट, तापलेली जागा. पहिल्यांदा डोळा लागला तेव्हा तो इतका घाबरला की रात्री महादेवीलासुद्धा, म्हणजे बायकोलासुद्धा, सांगू शकला नाही. मग टाक हातात धरून झोपायची सवय त्याने लावून घेतली, कुणी दार ढकललंच तर लिहिता लिहिता थांबल्यासारखं दिसावं म्हणून. दार कुणी ढकलत नसे. तरीही.

तशातच त्याने भिंतीवर ओळ रंगवून घेतली होती. ‘कामावर झोपलेल्यास त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल.’ कधी रंगवली? डोळा लागायला लागल्यानंतर. आधी नव्हे, नंतर. हे त्याला पुष्कळदा आठवे आणि आठवलं की तो काहीतरी दुसरं आठवायला घेई. त्या ओळीवरून गेल्या साली धुळाप्पा कामावरून गेला. पोत्यांवर आडवा झालेला सापडला म्हणून. म्हातारा माणूस, पाया पडला होता.

आणि आज सकाळी इंजिनवाला चाँदपाशा.

इंजिनाशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या त्याची मान पडली. चाकावरचा पट्टा हळूहळू कडेला सरकत होता, ते बघणं हेच त्याचं काम... तो सुटला, सापासारखा उडाला आणि भिंतीवर आपटला. तिथे गजराबाई क्षणापूर्वीपर्यंत शेंगदाणे चाळत होती. चाळण बदलायला उठली म्हणून वाचली. भिंतीचा गिलावा परातीएवढा निखळला. बायका ओरडल्या, इंजिन रिकामंच धडधडत राहिलं, आणि चाँदपाशा डोळे उघडून असा उभा होता की जणू पट्टा त्यालाच लागला आहे. त्याने सबब सांगितली नाही. ‘डोळा लागला, मालक,’ एवढंच म्हणाला.

रोजे चालू होते त्याचे. यंदा श्रावण आणि रमजान बरोबरच लागले होते, एका चंद्रावर. आज श्रावणातला सोमवार, म्हणजे बसप्पाही उपाशी आणि चाँदपाशाही उपाशी. एकाने पहाटे उठून पूजा केलेली, दुसऱ्याने त्याच्याही आधी उठून चार घास खाल्लेले. सोमवार! सोमवारी गाणिगेर बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बापाने कधी ठेवलं नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. कंपनीतही पहिल्यापासून सोमवारीच सुट्टी. चाँदपाशाला शुक्रवारी नमाजापुरती मोकळीक, बाकी त्याची विश्रांतीही हीच, बैलाच्या नावाने मिळालेली. पण या साली सणासुदीच्या तेलाची मागणी अशी वाढली, लढाई संपून वर्ष होत आलं तरी माल कुठे मिळेना, आणि इंजिनाला लागणाऱ्या क्रूड तेलाचं परमिट कचेरीत खेटे घालून एकदाचं हाती आलेलं... श्रावण लागताच बसप्पाने सोमवारी इंजिन चालवायचं ठरवलं.

आई, नीलम्मा, जेवायला वाढत होती तेव्हा. तिचा हात थांबला.

‘सोमवारी न्हाई रे अप्पा. तुझ्या बापानं...’

‘अव्वा, बैल जुंपतोय का मी? इंजिनाला कुठं खांदा हाय?’

‘इंजिनाला नसंल. पर त्याच्याजवळ बसणाऱ्याला हाय की.’

तो हसला होता. बाजारात ते खांद्याचं वाक्य त्याने चार जणांना ऐकवलं, आपलं अर्धं. आईचं अर्धं सोडून.

त्याने कागद उलटा केला. उलट्या बाजूलाही डाग उमटला होता. निर्णय. आता निर्णय घ्यायला हवा, वेळ सरत आली असणार. धुळाप्पाला काढलं, मग याला ठेवलं तर लोक काय म्हणतील? बाई मेली असती तर? आणि काढलं तर, पोटाशी दोन मुली, बायको नसीमबी पुन्हा आजारी, आणि आसपास दुसरं इंजिन नाही जिथे हा जाईल... तो खरोखर तोलू लागला होता, एक पारडं आणि दुसरं, तेवढ्यात बाहेर बैलगाडी करकरली.

‘हाँ हाँ! खाली उतर, उतर, पायी आण गाडी!’ चाँदपाशाचा आवाज, दबका.

‘का रं? कोण मेलं का काय?’ हा बिरदेव गाडीवान, त्याला हळू बोलताच येत नाही.

‘मालक विचारात हायेत.’

‘बरं बरं.’ पोतं टेकल्याचा आवाज, हलका. आणि मग गजराबाई, चाळणीच्या तालावर, कुणालाच उद्देशून नसल्यासारखी:

‘विचार करताना घोरत्यात व्हय?’

बायकांत हसू फुटलं. पुष्कळ नाही. पदराआडचं, जुनं, ओळखीचं हसू. पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणसं असं हसत नाहीत.

बसप्पाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो हलला नाही. खुर्ची करकरेल म्हणून श्वाससुद्धा त्याने अर्धाच सोडला.

‘गजराबाई, तोंड सांभाळ,’ चाँदपाशा म्हणाला. ‘उपास हाय त्यांचा. उपाशी माणसाचा डोळा लागतोच.’

‘अन् तुझा न्हाय का उपास? तुझा लागला तर घरला जायची पाळी आली.’

‘माझ्यापुढं चाक फिरत हुतं, बाई. त्यांच्यापुढं कागद असतोय. कागदानं तुझं डोस्कं फुटलं नसतं.’

‘आन् रोजचं काय? रोज ह्या वक्ताला तू गाड्या लांब उभ्या करतूस, आमाला म्हनतूस चाळण्या हळू आपटा. इंजन थंड करायचं म्हनून बंद ठेवतूस. तान्हं लेकरू निजवल्यावानी! आन् त्याच लेकराच्या दारात बसलायस, निकाल ऐकाया!’

‘गप.’

‘म्या काय खोटं बोलते?’

‘खोटं न्हाय. पर गप.’

मग नुसती चाळण. सळसळ, सळसळ, खरंच हळू.

दुपारी इंजिन थंड करावं लागतं, मालक... तीन वर्षांपूर्वी चाँदपाशानेच येऊन सांगितलं होतं, हातातल्या चिंधीला बोटं पुसत. बसप्पाने गंभीरपणे मान डोलावली होती. चांगलं सुचवलंस, म्हणाला होता. म्हणजे तेव्हापासून. तेव्हापासून या सगळ्यांना ठाऊक होतं. मी दाराला कडी लावत होतो आणि बाहेर माझ्या झोपेची राखण चालली होती. मी बाहेर येताना कपाळावर आठी घालून येत असे, खोल पाण्यातून वर आल्यासारखी... देवा, ती आठी! आणि ते सगळे खाली मान घालून उभे राहत. आदर वाटायचा मला तो.

कशावरून माझ्यासाठी? त्याला एकदम सुचलं आणि तो त्या सुचण्याला घट्ट धरून बसला. दुपारची नमाज असते त्याची. स्वतःच्या नमाजासाठीच बंद ठेवत असेल इंजिन, आणि नाव माझं. लबाडच आहे मग. क्षणभर छाती हलकी झाली. पण नमाजाला किती वेळ लागतो ते बसप्पाला माहीत होतं. लहानपणापासून मशिदीच्या शेजारच्या आळीत वाढलेला तो. हलकेपणा टिकला नाही.

उठायला हवं. ठेवायचंच त्याला. दुसरं काही करताच येणार नाही, सोमवार मी खाल्ला त्याचा, झोप मी खाल्ली. दार उघडायचं आणि म्हणायचं, चाँदपाशा, पट्टा चढव. एवढंच. मग उद्या? उद्या जेवून येईन, कडी लावीन, आणि तो बाहेर बसलेला असेल, गाड्या लांब करीत, मला माहीत आहे हे त्याला माहीत असेल. परवाही. आणि काढला तर... नवा माणूस येईल, उमरग्याहून, सोलापूरहून. त्याला काहीच ठाऊक नसेल. इंजिन दुपारीही धडधडत ठेवील. त्याच्यासमोर आठी घालून बाहेर येता येईल.

हे इतकं चांगलं वाटलं! भर उन्हातून गार ओसरीत पाऊल पडावं तसं. आणि त्या गारव्यात तो उभा राहिला, पुरता एक श्वासभर, आणि मग त्याला दिसलं आपण कशावर उभे आहोत ते. चाकावरून पट्टा सुटला म्हणून नव्हे, धुळाप्पाला न्याय म्हणून नव्हे. या माणसाने आपली लाज झाकली म्हणून याला घालवायचं.

त्याने कडी काढली.

बाहेर उजेड ढगाळ, पांढरा होता. सगळे उठले. गजराबाईने चाळणीत डोळे घातले. चाँदपाशा भिंतीशी उकिडवा बसला होता, तो टोपी सारखी करीत उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते, ओठ सुकलेले. बसप्पाने कपाळ सैल ठेवायचा प्रयत्न केला आणि त्याला जाणवलं, सैल कपाळाने या माणसांसमोर कसं उभं राहायचं हे आपल्याला येत नाही.

‘चाँदपाशा.’

‘जी, मालक.’

‘आत ये.’

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. विचाराच्या वेळी त्या खोलीत आजवर कुणी गेलं नव्हतं. चाँदपाशाने चपला काढल्या, पाय पुसले आणि तो आत येऊन टेबलापासून लांब, दाराच्या आतल्या बाजूला थांबला. बस म्हणायला खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. बसप्पालाही मग बसता येईना. दोघे उभे राहिले, दोघेही सकाळपासून पाण्यावाचूनचे. बसप्पाने पाणी पिऊ नये असा काही नेम नव्हता, पण आज त्याला तांब्याकडे हात नेववला नव्हता. का, ते त्याला आत्ता, हे सुकलेले ओठ समोर येईपर्यंत, ठाऊक नव्हतं.

‘सकाळचं...’ तो म्हणाला.

‘चूक झाली, मालक. बाईचा जीव गेला असता.’

‘हं.’

बाहेर चाळण्या थांबल्या होत्या. चाँदपाशाने एकदा मागे वळून पाहिलं, दार हळूच पुढे लोटलं, आणि आवाज आणखी खाली आणून, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, ‘गजराबाईच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका. बाईची जात, बोलती. मनात काय नसतंय तिच्या.’

म्हणजे त्याला हेही कळलं होतं. आपण जागे झालो होतो, आपण ऐकलं होतं, आणि ऐकून मुकाट बसून राहिलो होतो. आता झाकायचं काहीच उरलं नव्हतं. बसप्पाला वाटत होतं, झाकण गेलं की मोकळं वाटतं माणसाला. तसं नव्हतं. याला आत्ताच्या आत्ता घालवावं, नजरेसमोरून, गावातून, ही इच्छा मघापेक्षा स्पष्ट होऊन वर आली. आणि तिच्याच शेजारी, तिला खेटून, दुसरी, इतकी अनोळखी की तिला काय म्हणावं ते त्याला सुचेना. याच्यासमोरच टेबलावर डोकं टेकावं, टाक बाजूला ठेवून, आणि हा आहे तोवर झोपावं.

‘बोला, मालक,’ चाँदपाशा म्हणाला.

बसप्पाने तोंड उघडलं. दोन्हींपैकी कोणती इच्छा बाहेर येणार, हे चाँदपाशाइतकंच त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो समोरच्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहिला, जणू उत्तर आधी तिथूनच ऐकू येणार होतं.