सुशीलाबाईंचा पट्टा उतरला

मित्रांनो, मानेला बांधायचा पट्टा कधी पाहिलाय का तुम्ही? मी तोच. आत स्पंज, बाहेर खरखरीत कापड, मागे चिकटपट्टी. आता स्पंज दबलाय, कडा काळवंडल्यात. मालवणच्या सुशीलाबाईंच्या कपाटात, साड्यांच्या मागे मी पडून असतो.

सुशीलाबाई डोक्यावर टोपली घेऊन घरोघर मासे विकायच्या. एके सकाळी बंदरावरून येताना त्या बसलेली रिक्षा कुत्र्याला चुकवायला गचकन वळली आणि त्यांचं डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं. मानेला जबर हिसका बसला. दवाखान्यात एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होतं. "आठवडाभर पट्टा घाला, मग दाखवायला या," असं सांगून मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

बाई पुन्हा दाखवायला गेल्याच नाहीत. आठवड्याचे तीन महिने झाले. "पट्टो आसा म्हणान उभी आसंय," असं त्या सगळ्यांना सांगत, आणि मी फुगून जाई. पण मी त्यांच्या गळ्याशीच होतो ना. मला सारं कळत होतं. वाकलं की त्यांना गरगरायचं. बाजारातल्या गलबल्याने डोकं ठणकायचं. उन्हाकडे बघवत नसे. एकदा तर सुरमई हातात धरली आणि तिचं नावच आठवेना. गिऱ्हाईक हसलं. बाई तशाच भरल्या टोपलीनिशी घरी परतल्या.

"हाड मोडूक नाय, मगे दुखता खंय?" नवरा दाजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. न दिसणारं दुखणं त्यांना उमगत नव्हतं.

मुलगी आकांक्षा मात्र रोज वहीत लिहू लागली. चक्कर केव्हा आली, डोकं किती वेळ दुखलं, झोप लागली का. महिन्याने तिने ती वही दाजींपुढे ठेवली. दाजींनी पानन् पान वाचलं. मग एवढंच म्हणाले, "उद्याच गोव्याक जावया."

तिथल्या मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. बाईंना एका रेषेत चालायला लावलं. मान हलकेच वळवून पाहिली.

"हा पट्टा अजून का? काढा. यानेच मान दुबळी झालीय."

मित्रांनो, मला सोडवून टेबलावर ठेवलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

सुशीलाबाईंचे डोळे भरून आले. "माका वाटला, माका याड लागता."

"वेड नाही, मावशी. मेंदूला मार लागलाय. फोटोत दिसला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. वेळ लागेल, पण बरं वाटेल."

मग रोज अंगणात मानेचे व्यायाम, दाजींचा हात धरून तोल सांभाळत चालणं. डोक्यावरचं ओझं बंद झालं. दाजींनी हातगाडी आणली. अजूनही एखाद्या दिवशी डोकं धरतं, नाही असं नाही. पण चांगले दिवस आता जास्त आहेत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या नर्मदाकाकी आल्या. न्हाणीत घसरून त्यांना महिना झाला होता, मान वळत नव्हती. "सुशीले, तुझो तो पट्टो दी गो."

मी कपाटात सावरून बसलो. वाटलं, पुन्हा उपयोगी पडेन!

"पट्टो देवचंय नाय," बाई म्हणाल्या. "आदी डॉक्टराक दाखवया. चल, मी येतंय तुझ्यावांगडा."

दोघी निघाल्या. मला राग आला नाही, मित्रांनो. मला केव्हा बांधायचं आणि केव्हा सोडायचं, ते जाणत्याला ठरवू द्या. आणि घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना.